वजनाचा रकाना

१४ जुलै
न्यूमोनियाचं बाळ. दाखल झालं तेव्हा ८ किलो २००, आज सकाळी ७ किलो ६००. ताप उतरलाय, छाती मोकळी होतेय आणि लेकरू मात्र खंगतंय. केसपेपरवर ताप दिवसातून चारदा, वजन एकदाच, तेही औषधाचा डोस काढायला. मिनिटाला ६० श्वास घेणारं बाळ दूध ओढणार कसं? सिस्टरांना सांगितलं, आता रोज सकाळी वजन. दुधाआधी, कपडे काढून, त्याच काट्यावर.

१५ जुलै
त्याची आजी म्हणाली, "सलाईन चालू हाय ना, मग पोट भरतंच की." सगळा वॉर्ड असंच समजतो. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत जेमतेम ८५ उष्मांक, मिठाच्या सलाईनमध्ये शून्य. या बाळाला दिवसाला ८०० च्या आसपास हवेत. आईचं दूध काढून नाकातल्या नळीने थोडं थोडं सुरू केलं.

१७ जुलै
हर्नियाचा मुलगा रात्री ९ पासून उपाशी. ऑपरेशनची यादी लांबली, दुपारचे २ वाजले, पोर रडून थकलं. भुलेआधी दूध ६ तास बंद, अंगावरचं ४, साधं पाणी फक्त २. मग रात्रभर उपास कशाला? भूलतज्ज्ञांशी बोलले. दोन तास आधीपर्यंत साखरपाणी द्यायला ते तयार आहेत.

२० जुलै
तीव्र कुपोषित मुलगी, दोन्ही पायांवर सूज. दाखल झाल्यापासून ३०० ग्रॅम उतरली, आई घाबरून गेली. तिला सांगितलं, "ताई, हे सुजेचं पाणी चाललंय, हे जायलाच हवं." अशा लेकराला पोटभर घालावंसं वाटतं, पण एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदय बंद पडू शकतं. म्हणून एफ-७५ हे उपचाराचं दूध, १०० मिलिलिटरला ७५ उष्मांक, दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा, एखादी वेळ चुकली तर पहाटे साखर घसरते. रात्रपाळीला सिस्टर एकच, म्हणून वाटी-चमच्याने पाजायचं आईलाच शिकवलं.

२६ जुलै
मुलीची सूज गेली, आता एफ-१०० दूध चालू आहे. किलोमागे रोज १२ ग्रॅम वाढ. १० च्या वर म्हणजे उत्तम. आणि आता आईला घरी जायचंय. भातलावणी चाललीय, थोरला मुलगा शेजारणीकडे. तिचं चुकतंय असं कसं म्हणू? बुडीत मजुरीचा अर्ज भरून घेतला, थोरल्यालाही इकडे आणायला सांगितलं. आला की त्याच्याही दंडाचा घेर मोजायचा आहे.