वाटेवरचे ताट

साताऱ्याकडे जाणारा राजमार्ग सोडून कापूरहोळला भोरच्या दिशेने वळले, की डोंगरांच्या आधी पाट्या दिसतात. एकीवर मिसळ, दुसरीवर तंदूर, तिसरीवर चुलीवरचे मटण. नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालात तरी तेच. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत राजगड आहे. गडावर येणारी माणसे वाढली. त्यांच्या भुकेबरोबर पाट्याही वाढल्या.

माझ्या लहानपणी या वाटेने जाणारा मनुष्य फडक्यात भाकरी बांधून निघत असे आणि एखाद्या ओढ्याच्या काठी ती सोडून बसत असे. ते दिवस गेले याचा मला विषाद वाटत नाही. वाटसरूला गरम अन्न मिळावे, ही चांगलीच गोष्ट आहे. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. घरी जो गृहस्थ आमटीत मीठ किंचित अधिक पडले तरी भुवया उंचावतो, तोच हॉटेलाची पायरी चढताना आपला विवेक वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवतो! समोर येईल ते खातो, आणि पैसे दिले आहेत म्हणून शेवटच्या घासापर्यंत खातो.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते गणित शिकविणाऱ्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने. निवृत्तीनंतरही दरवर्षी श्रावण सरता सरता आम्ही दोघे आमच्या माजी विद्यार्थ्यांसह राजगडाच्या पायथ्याशी जातो. एके वर्षी त्यांनी निरोप धाडला, “मी येत नाही.” त्यांना मधुमेह होता, हे मला ठाऊक होते. आपल्या देशात असे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले. तेव्हा त्यात नवल काही नव्हते. परंतु पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासून सांगितले होते, की रक्तातील साखर अशीच राहिली तर दृष्टी जाईल. मी भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, “मी येऊन काय करू? तुम्ही जेवाल आणि मी तुमच्या ताटांकडे पाहत बसेन.”

ज्याने जन्मभर मुलांच्या घोळक्यात दिवस काढले, त्याला पथ्यासाठी एकटे घरी बसावे लागावे, हे मला पटेना. सहलीपूर्वी आम्ही दोघांनीच एकदा बाहेर जेवून पाहावे, असे मी सुचविले. ते हसले. “म्हणजे पूर्वपरीक्षाच की!”

राजमार्गावरच्या एका हॉटेलात आम्ही दुपारी गेलो. गुरुजींनी चष्मा पुसून पदार्थांची यादी एखाद्या उदाहरणासारखी वाचावयास घेतली. पनीरच्या भाज्यांची नावे अनेक होती; पण रस्सा दाट करण्याची रीत बहुधा एकच असते, काजूचे वाटण, लोणी आणि साय. त्या ओळी त्यांनी सोडल्या. नान मैद्याची असते हे त्यांना माहीत होते. तंदुरी रोटीविषयी त्यांनी वाढप्याला विचारले, “कणकेची की मैद्याची?” तो बिचारा गोंधळला आणि आत जाऊन विचारून आला. हा प्रश्न त्याला तोवर कोणी केला नसावा! रोटी मिश्र पिठाची निघाली. मग दोन साध्या पोळ्या, वरून फोडणी न घातलेली डाळ, भेंडीची कोरडी भाजी आणि साखर न घातलेले ताक असे ठरले. काकडी-टोमॅटो त्यांनी जेवणाच्या आरंभीच मागविले, म्हणजे भुकेचा पहिला जोर त्यावर ओसरतो. पापड आणि लोणचे त्यांनी बाजूस सारले. माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभरही नव्हे, एवढेच मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला मोठा वाटा ही दोन पाने कोपऱ्यात बसून उचलतात.

शेजारच्या मेजावर ‘अमर्यादित थाळी’ चालू होती. या शब्दाचे मला नेहमीच हसू येते. थाळी अमर्यादित असेल. जठर कोठे अमर्यादित आहे? जठराचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा मोकळा ठेवावा, असे वाग्भटाने कित्येक शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र विचारून कळत नाही, ती म्हणजे तळणाचे तेल. तेच तेल पुनःपुन्हा तापविले की त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेलेले तेल वापरू नये, असा नियम २०१८ पासून आपल्या देशात आहे. मोजण्याचे यंत्र आपल्या खिशात नसते. परंतु काळवंडलेले, फेसाळणारे आणि लवकर धुरावणारे तेल डोळ्यांना दिसते. भज्यांची कढई दर्शनी भागात असते, ती पाहावी आणि मग ठरवावे. मोठ्या साखळी उपाहारगृहांना प्रत्येक पदार्थातील उष्मांक लिहून दाखवावे लागतात. आमच्या वाटेवरच्या खाणावळींना ते बंधन नाही. येथे डोळे आणि जीभ हीच साधने.

पूर्वपरीक्षा पार पडली आणि गुरुजी सहलीला आले. सकाळी मुलांनी मिसळ मागविली. मिसळीतली मोड आलेली मटकी उत्तम. घात करतात ते तर्री, शेव आणि पाव. गुरुजींनी मटकीची उसळ तेवढी घेतली, तर्री निराळ्या वाटीत मागविली, चमचाभर चाखली आणि वाटी दूर ठेवली.

दुपारी गुंजवण्यात एका घराच्या पडवीत आमची पाने मांडली. मावशी पिठले, कुर्डूची भाजी आणि तांदळाच्या भाकऱ्या करीत होत्या. बाहेर उतारावर नाचणी हिरवीगार उभी होती. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. गुरुजींनी विचारले, “मावशी, नाचणीची भाकरी नाही का?”

“हाय की, पर ती आमच्या घरापुरती,” त्या संकोचून म्हणाल्या. “गडावर येणारी पोरं काळी भाकरी बघून नाक मुरडत्यात. मग कोण पेरतंय जास्तीची? उतारावरची निम्मी रानं पडीकच हायती.”

आपण हॉटेलात काय मागतो, त्यावर या उतारावर काय पिकेल हे ठरते, हा हिशेब मी कधी कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता.

मावशींनी घरच्या पिठाची भाकरी थापली. गुरुजींनी दीड भाकरी खाऊन हात आवरला. नाचणी झाली म्हणून ती साखर वाढवीत नाही असे नव्हे. मैद्याहून ती पुष्कळ बरी, एवढेच. इंद्रायणीच्या भाताचा वास दरवळत होता, तेव्हा त्यांनी दोन घास मागून घेतले आणि ते फार सावकाश खाल्ले. तेवढ्यात समोरच्या पंक्तीतून एक माजी विद्यार्थी म्हणाला, “मावशी, मलाही काळी भाकरी.” मग दुसरा, मग तिसरा. अखेर मावशींनी मुलाला शेजारच्या घरी पीठ आणावयास पिटाळले.

निघताना त्यांनी बजावले, “म्होरल्या खेपेला किती जण येणार ते आधी कळवा, गुरुजी. तसं दळून ठेवते.” गुरुजींनी टाचणवही काढली आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक टिपून घेतला. आकडे त्यांनी बोटाएवढे मोठे काढले होते. एका क्रमांकाला वहीचे अख्खे पान लागले.