वर निखारा, खाली निखारा

भाजणे, तळणे, उकडणे, परतणे, शेकणे, वाफवणे अशी अग्नीशी नाते सांगणारी क्रियापदे मराठीत विपुल आहेत. पण बंद भट्टीत वरखालच्या उष्णतेने पदार्थ तयार करण्याच्या क्रियेला आपल्याकडे स्वतंत्र शब्द नाही. ‘पाव’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून घेतला. तेव्हा बेकिंग ही सर्वस्वी पाश्चात्त्यांची विद्या, असा माझा अनेक वर्षांचा समज होता. गेल्या वर्षी तो दूर झाला. आणि त्याबरोबर आणखी एक समज दूर झाला, तो माझ्या घराविषयीचा होता.

बदली माझी झाली आणि राजीनामा तिने दिला. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या संसाराचा आरंभ या एका वाक्यात सांगता येईल. फक्त आपण तो अशा शब्दांत सहसा सांगत नाही. विवाहापूर्वी सौ. राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही डेहराडूनला आलो. येथील शाळांतून तिने दोन वर्षे खटपट केली. कोठे हिंदी माध्यमाची अडचण, कोठे जागाच रिकामी नाही. पुढे मुलगी झाली आणि तो विषय घरात निघेनासा झाला. निघत नाही त्याअर्थी तो संपला, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या गढवाली बाईंनी त्यांच्या गावाहून आलेली एक काकडी आम्हांस दिली. हातभर लांब, चांगली जाडजूड, जून होऊन तपकिरी पडलेली. या डोंगरी काकडीचे मोहरी वाटून रायते करण्याची इकडे रीत आहे. शिवाय तिचा कीस उडदाच्या डाळीत मिसळून वड्याही वाळवतात. आई त्या वेळी कोकणातून आमच्याकडे राहावयास आली होती. तिने काकडी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, “अगो सूनबाई, हे तर आपलं तवसं!”

तवसे आले म्हणजे धोंडस आलेच. तांदळाचा जाड रवा तुपावर भाजावयाचा. काकडीचा कीस त्याच्या सुटलेल्या पाण्यासकट, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि चिमूटभर मीठ त्यात घालून शिजवून घ्यावयाचे. टोपाच्या तळाशी हळदीचे पान, ते न मिळाल्यास केळीचे, अंथरून त्यावर हे मिश्रण थापावयाचे. आणि टोप मंद निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरावयाचे. वर निखारा, खाली निखारा. किती वेळ, असे विचारले तर आई सांगे, “वास सुटला की झालं.” ज्या घरांत कधी भट्टी बांधली गेली नाही, त्या घरांतील बायकांनी एका टोपाची भट्टी करून ही विद्या चालवली होती. शब्द नव्हता, विद्या होती.

आमच्याकडे विजेचा छोटा ओव्हन आहे. त्यातही दोन तापणाऱ्या कांड्या असतात, एक वर आणि एक खाली. सौ.ने हे साम्य हेरले आणि आईच्या ‘अंदाजाने’ या शब्दाचा पिच्छा पुरवला. आईने मूठभर रवा घेतला की ती मूठ वजनकाट्यावर रिती होई. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली मराठी स्वयंपाकघराला वाटी-चमच्याचे माप दिले; सौ. त्याच्याही पुढे ग्रॅमवर गेली. गव्हात ग्लुटेन असते, ते हवा धरून ठेवते आणि केक फुगतो. तांदळात ते नसते, म्हणून धोंडस फुगत नाही. त्याचा मऊपणा काकडीच्या पाण्यावर अवलंबून. काकडीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, पण दोन काकड्यांचे सारखे नाही. म्हणून कीस पिळून पाणी निराळे मोजावयाचे. तरीही वरची बाजू कडक होई. पाचव्या की सहाव्या प्रयत्नानंतर तिच्या ध्यानात आले की निखारे हळूहळू विझत जातात, ओव्हन मात्र शेवटपर्यंत तितकाच तापलेला राहतो. तिने पहिली पंधरा मिनिटे २०० अंश ठेवले आणि नंतर १६०वर आणले. अकराव्या वेळी आईने तुकडा तोंडात घातला, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

हे सारे शंभर पानांच्या एका वहीत उतरत होते. उभ्या रेघा मारलेले तक्ते, प्रत्येक प्रयत्नाची तारीख, एका वेळी एकच गोष्ट बदललेली. मी ती वही एकदा चाळली आणि “छान विरंगुळा आहे” असे म्हटले.

ब्रिटनमध्ये २०१० साली बेकिंगची एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि अतिशय लोकप्रिय ठरली. आपल्याकडेही असे कार्यक्रम आता नवे राहिले नाहीत. अशाच एका स्पर्धेची प्राथमिक निवड दिल्लीत होणार असल्याचे आमच्या कन्येने शोधून काढले. अर्ज भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. ती माझी उपजीविकाच आहे. नाव, वय, शिक्षण हे रकाने भरून झाले. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी माझी बोटे क्षणभरही थांबली नाहीत. मी ‘निरंक’ असे लिहिले. माझ्या कार्यालयातील कागदपत्रांत ती ‘अवलंबित’ म्हणून नोंदलेली आहे. वर्षानुवर्षे ती नोंद पाहिलेल्या डोळ्यांना यात वावगे दिसले नाही.

सौ. मागे उभी होती. तिने विचारले, “असंच लिहायचं असतं का, अहो?”

“रकाना रिकामा ठेवून चालत नाही,” मी म्हणालो. खरोखरच हे माझे उत्तर होते.

आश्विनातल्या एका रात्री आम्ही चौघे गाडीत बसलो. डेहराडून सोडल्यावर हरिद्वारपर्यंत लोहमार्ग राजाजीच्या जंगलातून जातो आणि हत्ती रुळांवर येतात म्हणून तेथे गाडी जपून चालवतात. कन्या हत्तींच्या आशेने काचेला नाक लावून बसली. आई तिला हळू आवाजात राजापूरच्या गंगेची गोष्ट सांगत होती. धोंडसाचा डबा माझ्या मांडीवर होता. रुडकी गेली तरी सौ. जागीच होती, वही उघडून काहीतरी पाहत होती. परीक्षेच्या आदल्या रात्री शिक्षकही जागतात, हे मला त्या वेळी प्रथमच सुचले.

पहाटे दिल्लीस उतरून पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवनात आंघोळी उरकल्या आणि दहाच्या सुमारास स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचलो. रांगेत तीन मजली केक दोन्ही हातांनी सावरणारा एक तरुण होता, साखरेची फुले होती, सोन्याचा वर्ख होता. आमच्या थाळीत केळीच्या पानावर गुळाच्या रंगाचे चौकोनी तुकडे. मला, खरे सांगावयाचे तर, थोडा संकोच वाटला. आईला तो वाटला नाही.

आत कॅमेऱ्यापूर्वी एक मुलगी हाती अर्ज घेऊन माहिती पडताळीत होती. तिने हसतमुखाने विचारले, “व्यवसाय काही नाही? मग आपण दिवसभर काय करता?” तिच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, माझ्याच शब्दाचा तो सरळ अर्थ होता. मी घाईने काहीतरी बोलणार तोच सौ.ने तिच्या त्या नऊ वर्षांत कमावलेल्या स्वच्छ हिंदीत सांगितले, “मी गणिताची शिक्षिका आहे. ज्या पदार्थाला कधीच माप नव्हते, त्याचे माप मी शोधले आहे.” आणि वही तिच्यासमोर ठेवली.

‘होते’ नव्हे, ‘आहे’. एका क्रियापदाच्या काळाने मला जे सांगितले ते नऊ वर्षे एका छपराखाली राहून मला कळले नव्हते.

परीक्षकांपैकी एकाने दोनदा चव घेतली, मैदा नाही याची खात्री करून घेतली, वहीतील तापमानाचा तक्ता लक्षपूर्वक पाहिला. दुसऱ्यांचे म्हणणे पडले की चव उत्तम, पण पडद्यावर पदार्थ प्रथम डोळ्यांनी खाल्ला जातो आणि हा दिसावयास फार साधा आहे. आमची निवड झाली नाही. परतीच्या गाडीत आई उरलेले तुकडे शेजारच्या प्रवाशांना वाटीत म्हणाली, “दिसायला साधं म्हणे! धोंडस काय नवरी आहे?” सौ. इतकी हसली की कन्या जागी झाली.

दूरचित्रवाणीचा तो कार्यक्रम यथावकाश झाला; आमच्या घरीही तो आवडीने पाहिला गेला. पण त्या वहीची दुसऱ्या टोकाची पाने आता भरू लागली आहेत. शेजारच्या गढवाली बाईंचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र सायंकाळी आमच्या बैठकीत बीजगणित शिकावयास येतात. त्यांना व्यस्त प्रमाण समजावताना मी ऐकतो, त्यात काकडीचे पाणी आणि रवा यांचे उदाहरण असते.

डिसेंबरात कन्येच्या शाळेचा अर्ज आला. ‘मातेचा व्यवसाय’ या रकान्यापाशी मी लेखणी थांबवली आणि विचारले, “येथे काय लिहू?”

“तुम्ही नका लिहू,” ती म्हणाली. लेखणी माझ्या हातून घेऊन तिने आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिले : ‘गणित शिक्षिका. दीर्घ रजेवर.’

नियमांप्रमाणे अशी नोंद बसत नाही. मी तिच्याखाली मुकाट्याने स्वाक्षरी केली.