वुडवर्ड रस्त्यावरची बारशी

आपल्याकडे बारशाला नाव शोधताना आधी आजोबा-पणजोबांकडे पाहतात, मग देवादिकांकडे, आणि अलीकडे शब्दकोशाकडे. अमेरिकेतल्या मोटारवाल्यांची तऱ्हा याहून फारशी निराळी नाही. ती पाहायची तर डेट्रॉइटला जावे आणि वुडवर्ड अव्हेन्यू धरून उत्तरेकडे निघावे. नदीकाठापासून पाँटिॲक गावापर्यंत हा रस्ता २५ मैलांच्या आसपास भरतो.

आरंभीच नदीकाठच्या चौकात कॅडिलॅक भेटतो. मोटार नव्हे, माणूस. १७०१ साली येथे उतरून त्याने हे शहर वसवले. या फ्रेंच गृहस्थाचे मूळ आडनाव लोमे. अमेरिकेत येताच त्याने सरदारी नाव आणि कुलचिन्ह दोन्ही स्वतःच घडवली. दोनशे वर्षांनी, १९०२ मध्ये, ते नाव एका मोटारीला मिळाले आणि पुढे ते बनावट कुलचिन्हही तिच्यावर जाऊन बसले. पैसेवाले लोक ते आजही मिरवतात!

पुढे कलासंग्रहालय लागते. तेथल्या भिंतींवर दिएगो रिवेराने १९३२-३३ मध्ये मोटार कारखान्याची प्रचंड चित्रे रंगवली. त्यांचा खर्च सोसणारा एडसेल फोर्ड चित्राच्या एका कोपऱ्यात उभा आहे. हेन्री फोर्डचा हा एकुलता एक मुलगा. १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष, पण सारा जन्म बापाच्या सावलीत गेला. १९४३ साली, पन्नाशी गाठण्याआधीच तो वारला. बारा वर्षांनी कंपनीला नव्या मोटारीसाठी नाव हवे झाले. हजारो नावे जमली. मेरिअन मूर या कवयित्रीलाही विचारण्यात आले. तिने ‘यूटोपियन टर्टलटॉप’सारखी अचाट नावे सुचवली. कंपनीने तिला फुले पाठवली आणि नाव ठेवले ‘एडसेल’! १९५७ च्या सप्टेंबरात आलेली ही मोटार १९५९ च्या नोव्हेंबरात बंद पडली, आणि एका सज्जनाचे नाव इंग्रजीत फजितीचा प्रतिशब्द होऊन बसले. कवयित्रीचे ऐकले असते तरी मोटार कदाचित पडलीच असती. पण मेलेल्या माणसाला कोणी हसले नसते.

ग्रँड बुलेव्हार्डवर डावीकडे वळले की जनरल मोटर्सची जुनी कचेरी. यांच्या शेव्हरोलेची नावे आमच्या विद्यापीठातल्या पदव्यांसारखी. १९५७ पर्यंत ‘बेल एअर’, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंत वस्तीचे नाव, सर्वांत वरचे. १९५८ साली तिच्या डोक्यावर ‘इम्पाला’ आली आणि बेल एअरचा भाव उतरू लागला.

हायलंड पार्कच्या कारखान्यात असला थाट नव्हता. थोरल्या फोर्डने एका अक्षरावर भागवले. ‘मॉडेल टी’च्या दीड कोटीवर गाड्या निघाल्या, लाडके नाव लोकांनीच ठेवले, ‘टिन लिझी’, पत्र्याची लिझी.

रस्ता पाँटिॲकला पोचतो. पाँटिॲक हा ओटावा जमातीचा नायक. १७६३ साली त्याने डेट्रॉइटच्या ब्रिटिश किल्ल्याला कित्येक महिने वेढा घातला. वेढा फसला. पुढे त्याच्या लोकांची जमीन गेली. त्याचे नाव गावाला मिळाले आणि १९२६ मध्ये गावातल्या मोटारीला. शहर वसवणारा आणि त्याला वेढा घालणारा, दोघेही एकाच जनरल मोटर्सच्या दुकानात आले. पहिला धनिकांसाठी, दुसरा मध्यमवर्गासाठी. ‘चीफटन’, ‘स्टार चीफ’ अशी नायकपदाची नावेही वर्षानुवर्षे विकली गेली. २०१० साली पाँटिॲक बंद झाली. कॅडिलॅक चालूच आहे.

१९९५ पासून ऑगस्टात जुन्या मोटारी या रस्त्यावर हिंडायला निघतात. १९५० च्या सुमाराच्या काही पाँटिॲक गाड्यांच्या बॉनेटवर नायकाचे पिवळसर, पारदर्शक मस्तक असे. अंधार पडला की त्याच्या आत दिवा लागे.