बाप स्टेजवर आणताना

मार्कंड्याला महाशिवरात्रीची यात्रा भरली की वैनगंगेचा काठ माणसांनी फुलून जातो. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून इथल्या अंघोळीला मान. माझी माय देवळाच्या वाटेवर बेल आणि बोरं विकायची. मी शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकला करायचो. लोक थांबायचे, हसायचे आणि हसता हसता बोरं घ्यायचे. हसलेला माणूस घासाघीस करत नाही, हे मला तिथे कळलं.

आज मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी भूमिका करतो. धान निघालं की गावोगावी मंडईच्या जत्रा आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि रात्रभर नाटक चालतं. नाटक मंडळ्यांचा बाजार वडशाला. तालमीला वेळ नसतो. प्रॉम्प्टर समोर बसतो आणि आम्ही त्याच्या आवाजावर उभे राहतो. पण विनोदी नटाला कागद पुरत नाही, त्याला पदरचं घालावंच लागतं. आमच्या परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बातमीने आम्हा सगळ्यांचीच मान वर झाली.

माझ्या पदरी होता तो बाप.

आमच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या म्हणून झाली. दुकानं गेली, मोहाच्या भट्ट्या मात्र जंगलात राहिल्या. बाप रात्री यायचा आणि दारात उभा राहून चपला काढायचा. दोन्ही चपला जोडीने, सरळ रेषेत लागल्या पाहिजेत. वाकायचा, एक सरळ करायचा, तोवर दुसरी सरकायची. पुन्हा वाकायचा. आम्ही भावंडं श्वास रोखून बघायचो, कारण चपला लागल्या की पुढची लाथ भाताच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, बसायची.

हे मी दारुड्याच्या भूमिकेत घेतलं. चपला लावण्यात मी बराच वेळ घालवतो आणि मांडव हसून लोळतो. सगळ्यांत मोठ्याने हसतात बाया. घरी ज्याला घाबरून कोपरा धरावा लागतो, त्याला इथे सगळ्या गावादेखत हसता येतं, तेही नवरा शेजारी बसलेला असताना. हे हसू मला फार मोलाचं वाटतं. गंजाला लाथ बसली की ते एकदम थांबतं. तिथे थांबलं नाही, तर मी त्या रात्री कमी पडलो असं समजतो.

एकदा माय चामोर्शीकडच्या एका गावात प्रयोगाला आली. बाप जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “उजवी चप्पल पयले काढे तो. अन् गानं म्हनत ये, ते कुटी गेलं?”

खरंच होतं. बाप दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचा आणि गळा गोड होता. माझ्या रागात तेवढं गळून गेलं होतं. आता दारुडा आधी लांबून गात येतो. गाणं चांगलं म्हणावं लागतं, वेडंवाकडं म्हटलं तर नुसता दारुडा उरतो. लोक आधी त्या गळ्यावर जीव लावतात, मग चपलांना हसतात आणि मग गंज उडतो. मारणाराही कधीकाळी कुणाला आवडलेला असतो, हे मायला ठाऊक होतं.

चार्ली चॅप्लिनचा बापही गाणारा होता, दारूनेच १९०१ मध्ये गेला. चार्ली लहानपणी लंडनच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात राहिला. पुढे १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये त्याने भुकेला माणूस बूट उकडून खाताना दाखवला आणि जगाला हसवलं. मी ते पुन्हा पुन्हा बघतो. आमच्या घरची भूक मला अजून तशी स्टेजवर नेता आलेली नाही. गंज उलटला की माय उरलेला भात आम्हाला वाढायची, पेज स्वतः प्यायची आणि आपलं जेवण झालं म्हणून सांगायची. तो प्रवेश मी कितीदा तरी मनात बांधला आहे. माय बघायला येते तोवर तो करणार नाही.