मांजराचे सुतक

मांजराला माणसाचा नव्हे, घराचा लळा असतो, असे आपण म्हणतो. त्या सिद्धांतावर माझा विश्वास उरलेला नाही. मालकीण वारल्यावर प्राण्यांच्या आश्रयगृहात आलेली करडी मांजरी तीन दिवस अन्नाला शिवली नव्हती. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतते, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा विरहरसाची चर्चा वर्गापुरती ठेवून मी घर शोधू लागलो. बांगड्याचे नाव काढताच आमच्या पेठेतली निम्मी दारे मिटली! शेवटी शेजारचे विधुर पोस्टमास्तर म्हणाले, "आणा हो सर, मलाही एकट्याला जेवण जात नाही." कोमट बांगड्याच्या वासाला तिने दुसऱ्या रात्री नाक उचलले. चार घास खाल्ले. मास्तरांनी मग आपले पान वाढून घेतले.