भिंतीमागचा फोटो

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आपण काय आणतो? मिरच्या, सुकी मासळी, फार तर एखादं मातीचं भांडं. मी एकदा तिथून एक इंग्रजी कादंबरी आणली. जुन्या मासिकांच्या ढिगात पडलेली, पाठीचा पुठ्ठा सुटलेला. रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’, १९९२ सालची. खुनाच्या तपासाची गोष्ट म्हणून वाचायला घेतली, आणि वाचून झाल्यावर मला माझे भाईआजोबा आठवले. ते का, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

कादंबरीतलं जग उलटं आहे. दुसरं महायुद्ध हिटलर जिंकला आहे. साल १९६४, एप्रिल महिना. हिटलरचा पंचाहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला आहे आणि बर्लिन सजतं आहे. हाव्हेल तलावाच्या काठी एका म्हाताऱ्याचं प्रेत सापडतं. तपास येतो झेव्हियर मार्च नावाच्या पोलीस अधिकाऱ्याकडे. हा पूर्वी पाणबुडीवर होता. आता त्याच्या अंगावर एसएसचा काळा गणवेश आहे, कारण त्या राज्यात पोलिसाला दुसरा गणवेशच नाही.

मेलेला माणूस निघतो योझेफ ब्यूलर. हा खरा माणूस. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे इथे पंधरा अधिकारी एका बंगल्यात जमले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची व्यवस्था त्यांनी एखाद्या रेल्वेच्या वेळापत्रकासारखी चर्चेला घेतली, त्या पंधरांतला एक. प्रत्यक्षात त्याला १९४८ साली पोलंडमध्ये फाशी झाली. कादंबरीत मात्र जर्मनी जिंकलेली आहे, म्हणून तो सुखात म्हातारा होतो. आणि आता अमेरिकेशी मैत्री व्हायची आहे, तर त्या बैठकीचे साक्षीदार एकेक करून नाहीसे केले जात आहेत. त्या बैठकीच्या इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या होत्या. खऱ्या इतिहासात त्यांतली एकच, सोळाव्या क्रमांकाची, १९४७ साली हाती लागली. एक कागद उरला म्हणून आपल्याला कळलं. तोही उरला नसता तर? हॅरिस यांची सगळी कादंबरी या ‘तर’वर उभी आहे.

पण मला धरून ठेवलं ते एका लहान गोष्टीनं. मार्च आपल्या भाड्याच्या घराच्या भिंतीचा जुना कागद काढतो, तर मागे एक फोटो. आधी तिथे राहणाऱ्या वाइस नावाच्या ज्यू कुटुंबाचा. मार्च लोकांना विचारत सुटतो, ही माणसं कुठे गेली? बस्स, एवढंच. त्यानं बंड केलेलं नाही, पत्रकं वाटलेली नाहीत. पण ही विचारपूस त्याच्या फायलीत नोंदली जाते. ज्या राज्यात सगळ्यांनी न विचारायचं ठरवलेलं असतं, तिथे प्रश्न हीच पहिली फितुरी!

(ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) मार्चला दहा वर्षांचा मुलगा आहे, पिली. शाळेत आणि मुलांच्या पथकात शिकवलेलं बोलतो. बापाला तोंडावर विचारतो, तुम्ही समाजविरोधी आहात ना? आणि शेवटी तोच बापाला पकडून देतो. पोराच्या मनात दुष्टावा नाही. त्याला वाटतं, आपण योग्य तेच केलं. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बाल्कावात बसून राहिलो.

आता भाईआजोबा. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पोर्तुगीज अमदानीत एका कचेरीत ‘एश्क्रिव्हांव’, म्हणजे कारकून. सालाझारच्या राज्यात आपल्याकडे लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकलं असेल. साहेबाला मराठी येत नसे. मराठी मजकूर पोर्तुगीजमध्ये करून साहेबापुढे ठेवणं हे भाईआजोबांचं काम. आणि त्याच वेळी माझे आजोबा सत्याग्रहात. दोन वर्षं आग्वादच्या तुरुंगात होते.

हिटलरची जर्मनी आणि सालाझारचा गोवा एका मापानं मोजता येणार नाहीत, मला ते करायचंही नाही. पण एकाच घरातला एक भाऊ कोठडीत आणि दुसरा कचेरीत, दोघांची आई एकच, हे कोडं मात्र त्याच जातीचं.

१९ डिसेंबर १९६१ नंतर आजोबांना हार मिळाले, पुढे ताम्रपटही. भाईआजोबांना गावात ‘पाखल्यांचो मनीस’ म्हणत. मी कॉलेजात असताना एकदा धीर करून विचारलं. पानाला चुना लावत म्हणाले, “तें सोंपलें न्हय रे, आनी कित्याक?”

ते गेल्यावर त्यांच्या पेटीत एक कागद मिळाला. माझ्या आत्याच्या लग्नपत्रिकेचा हातानं लिहिलेला मसुदा, वर कचेरीचा शिक्का. निमंत्रकांत आजोबांचं नाव, आणि नावाआधी कुणीतरी हौसेनं ‘सत्याग्रही’ असं लिहिलेलं. पाठीमागे भाईआजोबांच्या अक्षरात पोर्तुगीज अनुवाद. शेजारच्या मास्तरांनी तो मला वाचून दाखवला. त्यात नाव आहे. तो एक शब्द नाही.

भावासाठी गाळला, की स्वतःची नोकरी सांभाळायला? पुतणीचं लग्न बिनघोर व्हावं म्हणून? आणि बाकीच्या कागदांतले, परक्यांच्या पत्रांतले असे किती शब्द त्यांनी गाळले नाहीत? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. एका शब्दासाठी मी त्यांना वीर ठरवू शकत नाही. मार्चलाही हॅरिस वीर ठरवत नाहीत. इतकी वर्षं तो गणवेश घालून हिंडलाच होता.

आपल्याकडे दोनच रकाने आहेत, स्वातंत्र्यसैनिक आणि फितूर. ज्यांनी दिवसा अनुवाद केला आणि त्यातून कधी एखादा शब्द खाली पडू दिला, त्यांच्यासाठी रकाना नाही. जुलमी राज्य माणसाला मारतं, कोंडतं, हे दिसतं तरी. पण आपण नक्की कुणाचे, हे त्याला स्वतःलाही धड सांगता येऊ नये अशी अवस्था करून ठेवतं, ते दिसत नाही आणि राज्य गेल्यावरही जात नाही. भाईआजोबा मुक्त गोव्यात पुढे तीस वर्षं जगले. त्या तीस वर्षांत मी त्यांना एकदाच विचारलं, आणि त्यांनी पानाला चुना लावला म्हणून गप्प बसलो.

तुमच्या घरात असं कुणी अजून असेल, तर जाऊन विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्यांदा विचारा.