थोडे सरकून बसा

मुलांनो, मारेगावच्या बसथांब्यावर उभे राहून तुम्ही कधी वणीहून यवतमाळकडे जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहिली आहे काय? सणासुदीला गाडी येते ती भरूनच. दारातले प्रवासी खाली उभ्या असलेल्यांना सांगतात, "जागा नाही, मागून दुसरी गाडी येत आहे." एखादा धीट माणूस तरीही आत शिरतो. गंमत अशी, की पुढच्या थांब्यावर तोच माणूस दारात उभा राहून म्हणतो, "जागा नाही!" थोड्या वेळापूर्वीचा नवा प्रवासी आता जुना झालेला असतो.

माणसाचा हा स्वभाव केवळ एस.टी.तच दिसतो असे नाही. वाचनालय, खेळाचे मैदान, चहाची टपरी, जिथे चार माणसे रोज जमतात तिथे जुने आणि नवे असे दोन गट आपोआप पडतात. आता तर मोबाइलवरही अशी जागा तयार झाली आहे. कोणी शिक्षक थेट वर्ग घेतात, कोणी गाणे ऐकवतो, कोणी खेळ दाखवतो. पाहणारे लोक त्याच वेळी बाजूला आपले म्हणणे लिहीत असतात. यालाच ‘लाइव्ह चॅट’ म्हणतात. ही एक प्रकारची चावडीच आहे. या चावडीला दार नाही, कुलूप नाही. तरीही तिथून काही माणसे परत जातात. ती का परत जातात?

आमच्या शेजारची एक मुलगी उर्दू शाळेत नववीत शिकते. गणित अवघड वाटते म्हणून ती संध्याकाळी मोबाइलवर असाच एक वर्ग पाहू लागली. शिक्षक छान शिकवत. रोज येणाऱ्यांची नावे घेऊन ते त्यांची विचारपूस करत. दोन-तीन दिवस तिने नुसते ऐकले. चौथ्या दिवशी धीर करून लिहिले, "सर, तो सूत्र परत सांगा." लगेच एकाने उत्तर दिले, "आधीचे भाग पाहून या." दुसऱ्याने लिहिले, "तो सूत्र नाही, ते सूत्र!" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. इतक्या ओळी आल्या, की तिचा प्रश्न वर सरकून दिसेनासा झाला. शिक्षकांना तो दिसलाही नसेल. त्यानंतर तिने काही लिहिले नाही. आठ दिवसांनी तिने तो वर्ग पाहणेच सोडले.

आता तुम्ही म्हणाल, ती मुले वाईट होती. मला तसे वाटत नाही. ती पहिल्या दिवसापासून येत होती. आवाज नीट येत नसला तर तीच शिक्षकांना कळवत. कोणाला पान क्रमांक सापडला नाही तर तीच सांगत. जुनी माणसे नसतील तर कोणतीही सभा उभी राहत नाही. पण प्रेमातूनच हळूहळू मालकीची भावना येते. ‘आमचे सर’, ‘आमचा वर्ग’ असे म्हणता म्हणता ‘आमचा’ या शब्दाला कुंपण पडते. तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकून जुन्यांना कंटाळा येतो. मात्र विचारणारा तो पहिल्यांदाच विचारत असतो, हे ते विसरतात. त्यांच्या आपसातल्या विनोदांचा अर्थ नव्याला कळत नाही. त्याला वाटते, आपण चुकून दुसऱ्याच्या घरातल्या लग्नात आलो.

यात सर्वांत वाईट गोष्ट अशी, की गेलेला माणूस दिसत नाही. गाडी चुकलेला प्रवासी निदान थांब्यावर उभा असलेला दिसतो. चॅटमधून निघून गेलेल्याची कोणी हजेरी घेत नाही. म्हणून आपण कोणाला घालवले, हे जुन्यांना कधी कळतच नाही.

याचे एक मोठे उदाहरण पाहा. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आणि उर्दू विकिपीडिया २००४ मध्ये निघाला. तिथे कोणीही लिहू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणारे २००७ पर्यंत भराभर वाढले, नंतर मात्र ते कमी होऊ लागले. २०१३ साली काही अभ्यासकांनी याचे एक कारण दाखवून दिले. खोडसाळ मजकूर रोखण्यासाठी जुन्या लेखकांनी नियम कडक केले होते आणि झटपट पुसण्याची साधने तयार केली होती. त्यांत चांगल्या हेतूने लिहिणाऱ्या नवख्यांचा मजकूरही पुसला जाई. असा नवखा सहसा परत येत नसे. ‘नवख्यांना चावू नका’ अशी सूचना तिथे लिहिलेली होती, पण नुसती सूचना पुरत नाही. शेवटी २०१२ मध्ये तिथे ‘टी-हाउस’, म्हणजे चहाघर, या नावाची जागा सुरू झाली. नव्याने काहीही विचारावे आणि जुन्याने न रागावता सांगावे, एवढेच तिथले काम.

मित्रांनो, ही गोष्ट तुमच्या फार जवळची आहे. मराठी भाषेच्या चावडीवर तुम्ही नवे आहात. उर्दूत स्त्रीलिंग आणि पुल्लिंग अशी दोनच लिंगे. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे. म्हणून तुमच्या तोंडी ‘ती पुस्तक’ येते आणि कोणीतरी हसते. हसणाऱ्याला वाटते, आपण भाषा सांभाळतो आहोत. पण उर्दूच्या चावडीवर तुम्हीच जुने आहात. तुमचा मराठी मित्र ‘ग़ज़ल’ला ‘गजल’ म्हणतो, तेव्हा तुम्ही काय करता? हसता, की हळूच उच्चार सांगता?

गझलच पाहा ना! फारसी-उर्दूतली ही पाहुणी मराठीत माधव जूलियन यांनी रुजवली. पुढे अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भट (१९३२–२००३) यांनी ती घरोघरी पोहोचवली. आज तिला मराठीत कोणी परकी म्हणत नाही. नव्याला जागा दिली तर घर असे समृद्ध होते.

तेव्हा जिथे तुम्ही नवे असाल, तिथे चार दिवस रीत पाहा, पण प्रश्न गिळू नका. एकदा उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. आणि जिथे तुम्ही जुने असाल, तिथे नवे नाव दिसताच ‘या, बसा’ म्हणा. विनोदाचा अर्थ समजावून सांगा. चूक दाखवायची असेल तर आधी प्रश्नाचे उत्तर द्या, मग चूक सांगा. त्या मुलीला कोणी आधी सूत्र सांगितले असते, तर ‘ते सूत्र’ हेही ती आनंदाने शिकली असती.